बिनसांगाव्याचे मासे

आमच्या नाल्याच्या काठी गत्त्याचा कारखाना उभा राहिला तेव्हा आमच्याच गावानं डफडं वाजवलं होतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कोणी हळहळायचं, की बिचाऱ्या गरिबांच्या उरावर कारखाना आणून बसवला. कोणी बसवला नाही. बायकांनी शेठला ओवाळलं, माणसं त्याच्या जीपला हात लावून पाहत होती, आणि माझा बाप, जो सणालाही दाढी करायला कुरकुरायचा, तो त्या दिवशी सकाळीच गुळगुळीत होऊन फाटकापाशी उभा होता.

ऐंशीनंतरची ती वर्षं. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि जो तो म्हणत होता की आता आपल्या भागाचं भलं होणार. आमचं गाव चंद्रपूरच्या बाजूला, पोंभुर्ण्याच्या जंगलपट्टीत. धानाचा मुलूख. धान झोडपून झालं की मागे उरतं ते तणस, आणि शेठला हवं होतं ते हेच. त्याचा तो गत्ता करणार होता, म्हणजे वह्यांना आणि चपलांच्या खोक्यांना लागतो तो मळकट पिवळा पुठ्ठा. आम्हाला वाटलं, वाळलेल्या काड्यांचे पैसे देतो, याच्याहून येडा माणूस कुठे मिळेल. गावभर हसलो आम्ही त्याला.

तणस म्हणजे नुसत्या काड्या कधीच नव्हत्या. उन्हाळाभर बैलांच्या तोंडात तेच जायचं, भिंतीच्या मातीत तेच कालवायचं, बाळंतिणीच्या गोधडीखाली तेच पसरायचं. ते सगळं बैलबंड्यांत भरून कारखान्यात गेलं. पहिल्या उन्हाळ्यात बैलांच्या बरगड्या वर आल्या. दुसऱ्या उन्हाळ्यात बैल बाजारात गेले. बैल गेल्यावर ज्यांची जमीन थोडी होती त्यांनी ती दुसऱ्याला करायला दिली आणि स्वतः फाटकावर जाऊन उभे राहिले. आधी बैलाच्या तोंडचं काढलं, मग बैल काढला, मग बैलाच्या जागी स्वतःला जुंपून घेतलं, आणि हे सगळं आपण आपल्या हुशारीनं केलं या आनंदात माणसं होती. मला आजही याचा राग कमी येतो आणि किळस जास्त.

गत्ता कसा होतो ते माझ्या हातांना विचारा. तणस तोडून एका मोठ्या लोखंडी गोळ्यात टाकायचे, त्यात चुना घालायचे, वरून वाफ सोडायचे आणि तो गोळा फिरवत ठेवायचे. शिजून त्याचा लगदा व्हायचा. लगदा धुऊन, यंत्रातून काढून त्याचे ओले, जड ताव निघायचे. ते ताव डोक्यावर घेऊन मागच्या माळावर न्यायचे, उन्हात एकेक करून पसरायचे, दुपारी उलटायचे आणि ऊन उतरायच्या आत उचलायचे, हे काम बायकांचं. माझी आई त्यात होती, आणि दहावीत नापास झाल्यावर मीही. तावातलं पाणी केसांतून मानेवर आणि मानेवरून पाठीत उतरायचं. चुन्यानं बोटांची सालं निघायची. घरी आलो की आम्ही मायलेकी एकाच वाटीतलं मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं तेल बोटांना चोळत बसायचो.

आणि वास. कुजलेलं तणस, चुना, आणि त्यांच्या खाली काहीतरी आंबट, पोटात ढवळून आणणारं. तो केसांत बसायचा, लुगड्यात बसायचा, भाताच्या गंजात, म्हणजे पातेल्यातही बसायचा. पहिले काही महिने गावाच्या बायका नाकाला पदर लावून चालल्या. मग पदरालाच वास यायला लागला, तेव्हा तो लावणं सोडून दिलं. पाहुणे दारातच थबकायचे आणि तोंड वाकडं करायचे. आमची माणसं त्यांना म्हणायची, "कायचा वास? आमाले त नाई येत." खोटं नव्हतं ते. खरंच येत नव्हता. मला वासापेक्षा हे जास्त घाण वाटायचं.

माझा बाप आधी बंड्यांवरचं तणस उतरवायला होता. मग साहेबानं, म्हणजे शेठनं कारखाना चालवायला ठेवलेल्या माणसानं, त्याला पाण्यावर घेतलं. लगदा धुतल्यावर जे काळपट पाणी निघायचं ते नाल्यात सोडायची मनाई होती म्हणे. म्हणून कारखान्यामागे एक मोठा खड्डा खणून त्याला मातीची पाळ घातली होती. पावसाळ्यात ते पाणी पुरासोबत निघून जायचं आणि कोणाला काही कळायचं नाही. बाप त्या पाळीवरून फिरायचा, कुठे पाझरतंय ते पाहून माती लिंपायचा. रोजंदारीचा माणूस, पण साहेब त्याला नावानं हाक मारतो एवढ्यावर तो फुगला होता. साहेबानं त्याला परमनंट करायचा शब्द दिला होता. आमच्या घरात देव नव्हते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव याच नाल्यात सोडून दिले होते. त्यांच्या रिकाम्या कोनाड्यात बापानं परमनंट हा शब्द आणून बसवला आणि उठता-बसता त्याचंच नाव घ्यायला लागला.

नाल्याच्या वरच्या अंगाला, कारखान्याच्याही वर, एक गाव होतं. त्याला आम्ही वरचं गावच म्हणायचो. तिथल्या एका घरात माझी सोयरीक जुळली. माघात साक्षगंध झालं आणि लग्न बुद्धपौर्णिमेच्या आगेमागे विहारात करायचं ठरलं. मुलगा बारावी शिकलेला, घरचं धान करणारा, फार न बोलणारा. साक्षगंधात अंगठी घालताना त्यानं माझं बोट धरलं, त्याचं निघालेलं साल पाहिलं आणि दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "दुखते का?" मी मान हलवली. कारखान्यात मी दोन वर्षं होते आणि घरात जन्मापासून होते, पण हे मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मला तो मुलगा हवा होता. त्या काळी मुलीनं असं म्हणायचं नसे. आता मी म्हणते, मला तो हवा होता.

आता सांगाव्याचं सांगते, कारण त्याच्यावाचून पुढचं कळायचं नाही. वरच्या गावाजवळ नाल्याला एक खोल डोह होता. उन्हाळा लागता लागता पाणी बारीक झालं की ते लोक गेळाची फळं कुटून त्या डोहात कालवायचे. पाण्याला फेस यायचा, रंग बदलायचा, आणि मासे गुंगून वर यायचे. हाती लागतील तेवढे ते काढायचे, आणि खाली वाहत येतील ते आमच्या गावाचे. पण त्याआधी तिकडचा एक माणूस चालत आमच्या गावात यायचा. गावची ढोरं जमायची त्या आखरावर उभा राहून सांगायचा, "उद्या डोहात फळ टाकतो, ढोरं पाण्यावर नेऊ नका." हा सांगावा. त्या माणसाला कोणाच्याही घरी चहा मिळायचा, आणि बायका वरच्या गावात दिलेल्या आपापल्या पोरींसाठी त्याच्याजवळ काहीबाही बांधून द्यायच्या. सांगावा न देता कोणी पाण्यात फळ टाकलं, असं आमच्या म्हाताऱ्यांनीही कधी ऐकलं नव्हतं.

फाल्गुन सरता सरता एका सकाळी नाल्यावर गेलेल्या बायका ओरडत परत आल्या की मासे वर आलेत. सगळं गाव धावलं. टोपल्या, सुपं, लुगड्याचे ओचे, हाती लागेल ते घेऊन. पाण्यावर पिवळट फेस होता आणि खाली पाणी काळपट. मासे तोंड वर काढून हवा ओढत होते, काही पालथे पडून वाहत होते, झिंगे काठावर चढायला पाहत होते. पाण्याला वास येतोय हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. वास रोजचाच होता, तो पाण्याचा की हवेचा, कोण सांगणार? एक म्हातारा एवढंच म्हणाला, "सांगावा नाई आला यंदा. विसरले असतीन." त्यावर दुसऱ्यानं माझ्याकडे पाहून म्हटलं, "आता सोयरीक झाली. घरच्याले कायचा सांगावा?" सगळे हसले. मी लाजले, आणि सासरहून भेट आल्यासारखी ते मासे ओच्यात भरत राहिले.

दुपारी घरोघरी मासे शिजले. आमच्या घरी आईनं मोठ्या गंजात रस्सा केला. माशाचं मांस बोटांत धरताच सुटून येत होतं, चिखल धरावा तसं, आणि जिभेवर तणसाची चव राहत होती. आई म्हणाली, फळ जास्त पडलं वाटते, आणि तिनं आणखी चिंच पिळली. धाकट्या भावानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बाप जेवला नाही. त्याची भूक मेली होती म्हणे. तो दारात पाठ करून बसला आणि बिडी ओढत राहिला. मग उठून ड्युटीवर निघून गेला.

दिवस मावळायच्या आत सगळं गाव ओकत होतं. अंगणात, गल्लीत, शेणाच्या खड्ड्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. पिवळं ओकत होतो आम्ही, आणि त्यालाही कारखान्याचा वास. आई एकदा ओकायची आणि एकदा भावाचं डोकं धरायची. काही म्हाताऱ्यांना बंडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. माणसं वाचली. ढोरांना मात्र कोणी पाण्यावरून अडवलं नव्हतं, कारण अडवा असं सांगायला कोणी आलं नव्हतं. आमच्या शेजाऱ्याची दुभती म्हैस पाय ताठ करून पडली. शेजारी तिच्या तोंडाचा फेस फडक्यानं पुसत बसला होता, आणि फेस पुन्हा पुन्हा येत होता. अंधार पडायच्या आधी ती मेली.

मग ओकणाऱ्या गावाला राग आला, आणि राग सरळ नाल्यानं वर गेला. वरच्यांनी सांगावा न देता फळ टाकलं, तेही माप न पाहता टाकलं, आपली माणसं मारायला निघाले. चार-सहा जण काठ्या घेऊन वर गेले. ते परत आले ते आणखी चिडून. वरचे म्हणतात आम्ही यंदा अजून फळच टाकलं नाही, आमच्या डोहात मासे जिवंत आहेत, या आणि पाहा. आमच्या लोकांनी पाहिलेही होते ते मासे. तरी म्हणत होते, "खोटं बोलून राह्यले सारे." शेवटी वरच्या गावच्या लोकांना बसून बोलायला बोलावलं. बोलावणं गेलं त्यात माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचं नाव पहिलं होतं.

अंगात उभं राहायचं बळ आलं तशी मी कामावर गेले. डोक्यावर ताव घेऊन माळाकडे वळताना नजर खड्ड्याकडे गेली. आदल्या आठवड्यात तो काठोकाठ भरला होता. आता त्याच्या तळाशी नुसता काळा गाळ होता आणि गाळात फुगलेले बेडूक. नाल्याच्या अंगाच्या पाळीला एका जागी ताजी माती लिंपली होती, अजून ओली. खालच्या गवताची काडी न काडी नाल्याकडे आडवी झाली होती. ताव डोक्यावर घेऊन मी तिथेच उभी राहिले.

संध्याकाळी बाप घरी आला आणि पाय धुवायला बसला. मी विचारलं, "खड्डा कसा काय रिकामा झाला?"

"आटला."

"अन् पाळीले ताजी माती काऊन लावली?"

तो दगडानं टाच घासत राहिला. मग वर न पाहता म्हणाला, "पाळ फुटाले आली होती. आपोआप फुटली असती त माळावरचा सारा गत्ता वाहून गेला असता. साहेबानं सांगतलं, मी कापली. आता चूप बस."

चुलीपाशी आई होती. ती हातातला जळता कोलता तसाच धरून म्हणाली, "म्हणून तुमी नाई खाल्ले मासे."

मला तोवर ते सुचलंच नव्हतं. हा माणूस दारात बसला होता. आईनं रस्सा वाढताना पाहत होता. पोरगं दुसऱ्यांदा मागताना ऐकत होता. एक शब्द बोलला असता, नुसतं गंजाला पाय लावून रस्सा सांडला असता, तरी चाललं असतं. त्यानं बिडी ओढली.

"थोडं ओकान, बाकी मरणार नाई, हे मले मालूम होतं," बाप म्हणाला. तो आमची समजूत काढत होता.

मी म्हटलं, "तिकडं त्याइच्यावर आळ आला. तुमी बसकीत खरं सांगा."

"सांगतो न. अन् दुसऱ्या दिवशी फाटकावर उभा राह्यतो हात पसरून. आठ दिवसांत माही आर्डर निघून राह्यली. समजते का तुले?" पाय पुसून तो आत आला आणि जेवायला मागितलं. आईनं वाढलं. तिनं का वाढलं हे मी तिला कधी विचारलं नाही, पण त्या दिवशी मला दोघांचीही शिसारी आली होती.

बसक ग्रामपंचायतीच्या ओट्यापाशी झाली. वरच्या गावची माणसं एका बाजूला, आमची दुसऱ्या बाजूला, आम्ही बायका मागे. मुलगा आपल्या वडिलांच्या शेजारी बसला होता. त्याचे वडील उभे राहून शांतपणे म्हणाले, "भाऊ, आमी फळ टाकलंच नाई. टाकलं असतं त सांगावा धाडला असता. आजवर कधी चुकलो का? आमच्या घरात तुमची पोरगी येणार हाये, आमी तुमच्या पाण्यात जहर कालवू का?"

आमच्याकडून शेजारी उठला आणि म्हशीचं बोलायला लागला. म्हशीबद्दल तो जे बोलला त्यात खोटं काही नव्हतं. त्याचा गळा दाटून आला होता. मी बापाकडे पाहत होते. तो मांडीवरची चुन्याची डबी उघडत होता आणि बंद करत होता. तो बोलणार नाही हे मला कळलं, तेव्हा मी उभी राहिले.

"ते पाणी कारखान्याचं होतं," मी म्हटलं. "मागचा खड्डा रिकामा झाला. पाळ कापून पुन्हा लिंपली हाये, माती अजून वाळली नाई. कारखाना काही दूर नाई. सारे मिळून चाला अन् पाहा."

माणसं खाली पाहत होती, आणि मला वाटलं त्यांना आश्चर्य वाटलंय. एकेकाचं तोंड मी नीट पाहिलं तेव्हा कळलं की आश्चर्य कोणालाच वाटलेलं नाही. मी ते सगळ्यांसमोर बोलले याची त्यांना धास्ती वाटली होती. त्या ओट्याभोवती असं एक घर नव्हतं ज्यातलं कोणी ना कोणी कारखान्यात नव्हतं. शेजाऱ्याच्या दोन पोरी माझ्याच रांगेत ताव पसरायच्या आणि पोरगा यंत्रावर होता.

शेजारीच आधी बोलला. गळा आता साफ झाला होता. "पोरगी आतापासूनच सासरची बाजू घेऊन राह्यली," तो म्हणाला.

आणि गाव हसलं. खूप दिवसांनी पोट दुखायचं थांबावं तसं मोकळं, सुटल्यासारखं हसलं. बायकाही हसल्या. माझ्या मागे बसलेल्या एकीनं लाडानं माझा पदर ओढला आणि म्हणाली, "बस खाली, बाई. लगन होऊ दे आधी." मी बसले नाही. तेव्हा कोणीतरी बापाला म्हणालं, "तूच त पाण्यावर हायेस. सांगून टाक एकदाचं."

बाप उठला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. "पाळ जशीच्या तशी हाये," तो म्हणाला. "मी रोज पाह्यतो."

तिथून कारखान्याचं धुराडं दिसत होतं. यंत्राची घरघर आमच्या बोलण्याच्या मागे सारखी चालू होती. उठून चालायला लागलं असतं तर गोष्टी बोलता बोलता पोचले असते सगळे. एकही माणूस जागचा हलला नाही. वरच्या गावच्या लोकांनी तेवढं चला, पाहू म्हटलं, तर आमच्यातले तीन-चार जण त्यांच्या अंगावर धावून गेले की आमच्या माणसाला खोटा पाडता का. माझ्या बापाला. त्या दिवशी माझ्या बापाची इज्जत गावानं जेवढी सांभाळली तेवढी त्याआधी कोणी कधी सांभाळली नव्हती.

निकाल असा लागला की वरच्या गावानं चूक कबूल करून माफी मागावी, आणि तोवर दोन्ही गावांत पोरी देणं-घेणं बंद. मुलाचे वडील उठले. त्यांनी धोतराची धूळ झटकली आणि म्हणाले, "जे केलं नाई त्याची माफी आमी मागत नाई. पोरीचं नुकसान होऊन राह्यलं त्याचं वाईट वाटते." मुलगा जाताना माझ्यापाशी थांबला. "तू बोलली, मी आयकलं," एवढंच तो म्हणाला. मग आपल्या माणसांमागे नाल्याच्या वाटेनं निघून गेला. मी पळत जाऊन त्याचा हात धरला असता तर काय झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं. पण सगळं गाव पाहत होतं आणि माझे पाय जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं मला फाटकातूनच परत लावलं. "तुह्यं काम नाई इथी," म्हणाला. आईला आत घेतलं. मी परत धानाच्या बांध्यांवर गेले, जिथे अजून कोणी शेती करत होतं तिथे.

पुढे काय झालं ते ऐका. महिन्याभरात खड्डा पुन्हा भरला आणि पुन्हा रिकामा झाला. पुन्हा फेस आला, पुन्हा मासे वर आले. या वेळी एकही माणूस टोपली घेऊन धावला नाही. धुणं घेऊन गेलेल्या बायका नाल्यावरून तशाच वळून विहिरीकडे गेल्या. गुराख्यानं ढोरं दुसऱ्या वाटेला लावली. कोणी कोणाला काही विचारलं नाही. ज्यानं म्हशीसाठी गळा काढला होता तो माझा शेजारीही आपला गोऱ्हा नाल्यापासून दूर नेऊन बांधत होता, आणि मी पाहतेय हे दिसल्यावर त्यानं मान वळवली. कुठल्या पाण्यानं म्हैस मेली हे त्याला ठाऊक होतं. बसकीच्या दिवशीही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. तरी बाजारात वरच्या गावचं कोणी भेटलं की हेच लोक आवाज चढवून म्हणायचे, "पाण्यात जहर टाकते हे लोकं." वरच्यांशी भांडण धरायला काही खर्च नव्हता. कारखान्याशी धरलं असतं तर संध्याकाळची चूल विझली असती.

पोटाची गोष्ट मला समजत नाही असं नाही. मीही त्याच घरात जेवत होते. पण समजल्यानं किळस थांबत नाही. आजही कोणी मला म्हणालं की कामगार बिचारा अडाणी होता, त्याला काय कळणार, तर माझ्या अंगावर काटा येतो. आम्हाला सगळं कळत होतं. ज्यांनी आमच्या नाल्यात घाण सोडली त्यांना आम्ही साहेब म्हणत राहिलो, आणि ज्यांच्या घरी आमच्या पोरी नांदत होत्या त्यांना वैरी केलं. वर दिलेल्या पोरी त्या दिवाळीला माहेरी आल्या नाहीत. त्यांच्या आया कारखान्याच्या माळावर ताव पसरत होत्या आणि वरच्या गावाला शिव्या देत होत्या.

बुद्धपौर्णिमा आली आणि गेली. विहारात दुसऱ्या पोरींची लग्नं लागली. मुलाचं लग्न त्याच उन्हाळ्यात वैनगंगेपलीकडच्या कुठल्याशा गावी झालं, असं पोंभुर्ण्याच्या बाजारात कानावर आलं. मी घरी येऊन अंगठी आईच्या पेटीत ठेवली. आईनं पाहिलं आणि पेटी बंद केली.

बापाची आठ दिवसांत निघणारी आर्डर पाऊस लागल्यावर निघाली. एका संध्याकाळी तो नवा खाकी शर्ट घालून आला. दारातूनच हाक मारत आला. हातात पेढे होते. घरात शिरताच त्यानं पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला, आणि मी लहान असताना ठेवायचा तसा डोक्यावर हात ठेवला.

"घे. आधी तू घे," तो म्हणाला. "तुह्या लग्नासाठीच त साहेबाच्या एवढा मागं लागलो होतो मी."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पार नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलत असता तर मला बरं वाटलं असतं, तो पेढा त्याच्या अंगावर फेकता तरी आला असता. पण त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि माझ्या हातातला पेढा चिकट होऊन बोटांना लागत होता.

आई भिंतीला टेकून उभी होती. तिनं विचारलं, "कोणाच्या लग्नासाठी?"

"हिच्या," बाप माझ्याकडे बोट करून म्हणाला, आणि दुसरा पेढा त्यानं आपल्या तोंडात टाकला.